अफू आपल्या देशातली, दुखणं आपल्या घरातलं : कॅन्सरच्या वेदनेचा इतिहास



तारकर्लीत येऊन कॅन्सरच्या दुखण्यावर बोलायचं, हे काहींना विचित्र वाटेल. इथे पाहुणे येतात ते समुद्रात डुबकी मारायला, देवबागजवळ कर्ली नदी समुद्राला मिळते ते बघायला. पण किनाऱ्यावरच्या गावातही माणसं आजारी पडतात. काहींना कॅन्सर होतो, आणि काहींचा आजार बरा होण्याच्या पलीकडे जातो. डॉक्टर सांगतात, "आता घरी न्या, सेवा करा." माणूस घरी येतो आणि त्याचं दुखणंही त्याच्याबरोबर घरी येतं.

आज मला दोनच प्रश्नांचा इतिहास सांगायचा आहे. या माणसाला किती दुखतंय, हे त्याला कोणी विचारतं का? आणि विचारलं, तर त्यावरचं औषध त्याच्या घरापर्यंत पोचतं का? औषध जुनं आहे, स्वस्त आहे, आणि त्याचा कच्चा माल आपल्याच देशात पिकतो. तरीही ते पोचत नाही, यामागे मोठा इतिहास आहे. त्यात व्यापार आहे, कायदा आहे, भीती आहे, आणि थोडी माणुसकीही आहे.

चीक, गोळी आणि पैसा

सुरुवात अफूपासून करू. खसखशीच्या हिरव्या बोंडाला चीर दिली की जो चीक पाझरतो, ती अफू. आपल्या सर्वांत जुन्या वैद्यकग्रंथांत, चरक-सुश्रुतांत, ती नाही. मध्ययुगातल्या ग्रंथांत 'अहिफेन' या नावाने ती येते, मुख्यतः अतिसारावर. आपल्या शेजारच्या गोव्यात 1563 साली गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक छापलं गेलं. त्यात अफूवर एक स्वतंत्र संवाद आहे. म्हणजे साडेचारशे वर्षांपूर्वी या किनारपट्टीवर अफू हा नेहमीच्या ओळखीचा पदार्थ होता.

एकोणिसाव्या शतकात तिचा व्यापार झाला. माळव्याची अफू मुंबई आणि दमण बंदरांतून चीनला जाऊ लागली. मुंबईच्या कित्येक मोठ्या घराण्यांचा पैसा कापूस आणि अफू या दोन मालांतून उभा राहिला. सर जमशेटजी जीजीभॉय हे त्यांतले सर्वांत प्रसिद्ध. त्यांच्या देणगीतून 1845 साली जे. जे. हॉस्पिटल सुरू झालं. ज्या मालाने चीनमध्ये घरं उद्ध्वस्त केली, त्याच्या नफ्याचा एक वाटा मुंबईत रुग्णालयाच्या भिंतींत गेला. इतिहास असा सरळ रेषेत चालत नाही.

त्याच काळात जर्मनीत दुसरी गोष्ट घडली. सेर्ट्युर्नर नावाच्या तरुण औषध बनवणाऱ्याने 1804-05 च्या सुमारास अफूतलं गुणकारी द्रव्य वेगळं काढलं आणि ग्रीकांच्या स्वप्नदेवतेवरून त्याला नाव दिलं. तेच हे मॉर्फीन. 1853 च्या सुमारास इंजेक्शनची पोकळ सुई आली आणि मॉर्फीन थेट शरीरात टोचता येऊ लागलं. आराम झटकन मिळू लागला, व्यसनही झटकन लागू लागलं. सुईबरोबर भीतीही जन्माला आली, असं म्हटलं तरी चालेल.

आपल्याकडे ती भीती घराघरातली होती. कोकणातली हजारो माणसं मुंबईच्या गिरण्यांत कामाला गेली, हे तुम्हाला सांगायला नको. गिरणीत जाणाऱ्या बायांनी तान्ह्या मुलाला कुठे ठेवायचं? पाळीच्या आधी मुलाला अफूची बाळगोळी द्यायची, म्हणजे ते निजून राहायचं. 1920 च्या दशकात याची सरकारी पातळीवर चौकशी झाली. तेव्हा आजी-पणजीच्या तोंडी 'अफू' हा शब्द आला की त्यात गुंगी, मेलेलं मूल आणि पोलीस, असं सगळं एकत्र असायचं. आजही "मॉर्फीन सुरू करू या" म्हटल्यावर घरातलं जाणतं माणूस दचकतं, त्याची मुळं इथवर जातात.

"किती दुखतंय?" हे विचारायला उशीर का झाला

आता दुसरा धागा. 1941 साली परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं. तेव्हापासून कोकणातल्या माणसाच्या तोंडी कॅन्सर म्हणजे 'टाटा'. आधी बोटीने, मग एस.टी.ने आणि 1998 पासून कोकण रेल्वेने माणसं तिकडे जात राहिली. रुग्ण वॉर्डात, नातेवाईक दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत, हे चित्र तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल.

पण त्या काळात जगभर डॉक्टरांचं सगळं लक्ष गाठीवर होतं. गाठ कापायची, किरणांनी जाळायची, पुढे औषधांनी मारायची. दुखणं ही फक्त खूण होती. रोग कुठे आहे हे तिने दाखवलं की तिचं काम संपलं. रोग हाताबाहेर गेला की डॉक्टरही हात वर करायचे, कारण दुखणं हा स्वतःच उपचार करण्यासारखा विषय आहे, असं कोणी शिकवलंच नव्हतं. मॉर्फीन द्यायचे, पण अगदी शेवटी, इंजेक्शनने, आणि माणूस कळवळून ओरडला तरच. औषधाचा असर गेला की पुन्हा ओरडायचं, पुन्हा सुईची वाट बघायची.

हे बदललं लंडनमध्ये. सिसिली सॉन्डर्स ही बाई आधी परिचारिका, मग रुग्णालयातली समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर झाली. 1958 पासून मरणासन्न रुग्णांच्या एका रुग्णालयात ती काम करत होती. तिने दोन साध्या गोष्टी केल्या. पहिली, मॉर्फीन तोंडाने आणि ठरलेल्या वेळी द्यायचं. दुखणं परत यायच्या आधी पुढचा डोस. दुसरी, रुग्णाला बोलू द्यायचं आणि ते लिहून ठेवायचं. त्यातून तिच्या लक्षात आलं, की माणूस "दुखतंय" म्हणतो तेव्हा ते फक्त हाडाचं दुखणं नसतं. त्यात मुलांची काळजी असते, पैशाची असते, देवावरचा राग असतो. याला तिने 'संपूर्ण वेदना' असं नाव दिलं. 1967 साली तिने सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उभारलं.

हे आपल्या किनाऱ्यावर आणून बघा. रापणीवर जाणारा माणूस अंथरुणाला खिळला. पाठीच्या मणक्यात रोग गेलाय, ते दुखतंच. पण रापणीतला त्याचा वाटा आता कोणाला, मुलीचं लग्न कसं, होडीच्या कर्जाचा हप्ता कोण भरणार, हेही रात्री दुखतं. रात्री जास्त दुखतं असं रुग्ण सांगतो, तेव्हा तो खोटं बोलत नसतो. रात्री घर शांत असतं आणि विचारांना मोकळं रान मिळतं.

दुखणं मोजायचं कसं, यावर नंतर बरंच संशोधन झालं. 1975 साली कॅनडात मेल्झॅक यांनी दुखण्याच्या शब्दांचीच प्रश्नावली केली. लोक कोणता शब्द वापरतात, यावरून दुखणं कुठल्या जातीचं हे कळतं, असा तो विचार. आपल्या भाषेसाठी हे फार मोलाचं आहे. मराठीत दुखण्याला काय शब्द कमी आहेत? हाड आतून दुखतं तेव्हा आपण 'ठणका' म्हणतो. आतडं आवळतं तेव्हा 'कळ' येते, 'मुरडा' येतो. नस दाबली गेली की 'चमक' मारते, 'आग' होते, 'मुंग्या' येतात, 'टोचणी' लागते. डॉक्टरांच्या दृष्टीने ही वेगवेगळी दुखणी आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी. आग आणि चमक असेल तर नसांवर काम करणारी औषधं लागतात, जी मुळात नैराश्यासाठी किंवा फेफऱ्यासाठी निघाली. हाडातल्या ठणक्यावर कधी कधी किरणांचा एकच डोस मोठा आराम देतो. म्हणून रुग्ण जो शब्द वापरेल तो जसाच्या तसा डॉक्टरांना सांगा. त्याचं 'पेन होतंय' असं भाषांतर करू नका. भाषांतरात अर्धं निदान हरवतं.

मग किती दुखतंय? दवाखान्यात शून्य ते दहा असं विचारतात. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे कल्पना करवणार नाही इतकं. म्हाताऱ्या माणसाला हे परीक्षेतल्या गुणांसारखं वाटतं. त्याला विचारा, "रुपयात किती आणे दुखतंय?" लगेच उत्तर येतं, "काल बारा आणे होतं, आज आठ." मोजमाप तेच, फक्त नाणं आपलं. आणि ज्याला बोलताच येत नाही, त्याचं कपाळ बघा, मुठी बघा, कूस बदलताना चेहरा कसा होतो ते बघा.

यात एक अडचण खास आपल्याकडची. मालवणी माणसाला विचारलं, की उत्तर ठरलेलं असतं, "बरा आसा." घरच्यांना त्रास नको, मुंबईहून आलेल्या मुलाची रजा फुकट जायला नको, म्हणून तो सोसतो. सोसणं हा आपल्याकडे गुण मानला जातो. पण सोसणाऱ्या माणसाचं दुखणं कमी नसतं, आपल्याला फक्त कमी ऐकू येतं. म्हणून एकदा विचारून भागत नाही. झोप लागली का, जेवण गेलं का, कुशीवर वळता येतं का, असं आडून विचारावं लागतं.

1985 चा कायदा

आता तिसरा आणि सर्वांत कडू भाग. औषध सापडलं, मोजायची रीत सापडली. मग अडलं कुठे?

1986 साली जागतिक आरोग्य संघटनेने कॅन्सरच्या वेदनेवर एक छोटी पुस्तिका काढली. तिच्यातली 'शिडी' जगभर प्रसिद्ध झाली. पहिल्या पायरीवर पॅरासिटामॉलसारखी साधी औषधं. तेवढ्याने भागलं नाही तर कोडीनसारखी सौम्य. तरीही दुखतंय तर मॉर्फीन. शक्यतो तोंडाने, घड्याळाप्रमाणे आणि त्या त्या माणसाला मोजून. गरीब देशाच्या खेड्यातही करता येईल, अशीच ती रचना होती.

आणि नेमकं त्याच्या आदल्या वर्षी, नोव्हेंबर 1985 मध्ये, आपल्या देशात अमली पदार्थांचा नवा कायदा लागू झाला. तस्करांना धाक बसावा हा हेतू. पण मॉर्फीन ठेवणारं रुग्णालयही त्याच जाळ्यात आलं. ठेवायचा परवाना वेगळा, आणायचा वेगळा, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायचा वेगळा. एकाची मुदत संपेपर्यंत दुसरा हाती येत नसे. वर चूक झाली तर दहा वर्षांच्या कैदेची भीती. औषधाची दुकानं, रुग्णालयं यांनी सरळ मॉर्फीन ठेवणंच सोडलं. 1997 साली एवढ्या मोठ्या देशाचा वर्षाचा वैद्यकीय वापर 18 किलोपर्यंत खाली आला होता. आणि हे कुठे? जिथे मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते, नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत आणि जिथून अफूचा चीक औषधांसाठी परदेशी जातो, त्या देशात.

माल आपला, कारखाना आपला, आणि आपलीच माणसं ओरडत होती. याची दाद मागायला न्यायालयात जावं लागलं. रवींद्र घूई यांच्या आईला स्तनाचा कॅन्सर होता आणि त्यांना मॉर्फीन मिळालं नाही. घूई स्वतः औषधशास्त्राचे जाणकार. 1998 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी हे सगळं लिहिलं, आणि त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने मॉर्फीनच्या अर्जांवर लवकर निर्णय घ्या असं बजावलं. केंद्रानेही राज्यांना सोपे नियम करायला सांगितलं. बऱ्याच राज्यांनी ते केले नाहीत, कारण तिथे हा विषय अबकारी खात्याचा होता. दारूची बाटली आणि मॉर्फीनची गोळी एकाच टेबलावर. त्या टेबलावरच्या माणसाला रुग्ण कधी दिसतच नाही.

शेवटी 2014 साली संसदेने कायदा बदलला. मॉर्फीन, फेंटानिल, मेथाडोन यांच्यासह सहा औषधांना 'अत्यावश्यक' असा वेगळा दर्जा मिळाला आणि देशभर एकच नियम आला. मान्यताप्राप्त संस्थेला आता राज्याच्या औषध नियंत्रकाकडून एकच मान्यता लागते. कागदावरची गाठ सुटली. मनातली सुटायला वेळ लागतो. 2017 मध्ये लॅन्सेटच्याच आयोगाने हिशेब मांडला, तेव्हा भारतात गरजेच्या जेमतेम 4 टक्के वेदनाशामक अफूजन्य औषध पोचत होतं.

इथे कोणी विचारेल, आणि विचारायलाच हवं, की अमेरिकेत तर याच जातीच्या गोळ्यांनी लाखो माणसं व्यसनात गेली ना? बरोबर आहे. तिथे 1990 च्या दशकात दुखणं मोजायचा आग्रह झाला, औषध कंपन्यांनी त्याचा फायदा घेतला, आणि पाठदुखीपासून दाढदुखीपर्यंत जोरदार गोळ्या वाटल्या गेल्या. ती चूक खरी आहे. पण कॅन्सर पसरलेल्या माणसाला देखरेखीखाली मॉर्फीन देणं आणि तरुण माणसाला पाठदुखीसाठी महिनोन् महिने गोळ्या देणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका देशात पूर आला म्हणून दुसऱ्या देशातली विहीर बुजवायची नसते.

वांद्रे, कालिकत आणि पुढे

या अंधारात दिवे लावणारे होते. 1986 साली वांद्र्याला डॉ. लुईस डिसूझा यांनी शांती अवेदना आश्रम सुरू केला. देशातलं पहिलं हॉस्पिस. नाव बघा, 'अवेदना'. पुढे त्यांची एक शाखा गोव्यात लोटलीला झाली. 1993 साली कालिकतला डॉ. राजगोपाल आणि सहकाऱ्यांनी संस्था काढली आणि त्यातून केरळात वेगळाच प्रयोग उभा राहिला. शेजाऱ्यांनीच शिकायचं, घरोघर जायचं, जखम धुवायची, औषध नीट घेतलं का बघायचं, आणि डॉक्टर-परिचारिकेने पाठीशी राहायचं. 1997 साली पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र झालं. टाटामध्ये 2012 पासून या विषयाची स्वतंत्र पदव्युत्तर पदवी सुरू झाली. 2008 साली केरळने आणि 2012 साली महाराष्ट्राने याचं राज्यपातळीवरचं धोरण आणलं.

पण धोरण मुंबईत होतं आणि दुखणं तारकर्लीत. सिंधुदुर्ग जिल्हा 1981 साली रत्नागिरीतून वेगळा झाला. मोठ्या आजारासाठी इथला माणूस कायम बाहेर जात आला, मुंबईला, कोल्हापूरला, आणि सर्वांत जास्त गोव्याला, बांबोळीला. 2018 साली गोव्याने बाहेरच्या रुग्णांना शुल्क लावलं, तेव्हा दोडामार्गात आंदोलन झालं, ते काही उगाच नव्हे. शस्त्रक्रियेसाठी माणूस एकदा बांबोळीला जाईल. पण मॉर्फीन रोज लागतं, दर चार तासांनी लागतं, दुखणं वाढलं तर डोस बदलावा लागतो. ज्याला कुशीवर वळवत नाही, त्याला घेऊन तुम्ही किती वेळा पत्रादेवीचा नाका ओलांडणार? म्हणून वेदनेचा उपचार रुग्णाच्या घराजवळ यायला हवा. ओरोसला आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, गावोगाव आशाताई आहेत. जोडायचा आहे तो यांच्यामधला दुवा : जवळच्या रुग्णालयात मान्यतेने ठेवलेलं मॉर्फीन, ते द्यायला शिकलेला डॉक्टर, आणि घरी जाऊन "किती आणे?" विचारणारं माणूस.

शेवटी, जे प्रश्न घरात नेहमी येतात, त्यांची सरळ उत्तरं देतो. मॉर्फीन म्हणजे शेवट आला का? नाही. दुखणं तेवढं आहे म्हणून ते देतात, मरण जवळ आहे म्हणून नव्हे. कित्येक माणसं ते घेत महिनोन् महिने चालतात-फिरतात. व्यसन लागेल का? दुखण्यासाठी मोजून दिलेल्या औषधाने ही भीती फार थोडी असते. औषध अचानक बंद मात्र करायचं नाही, आणि दुसऱ्या कोणाला द्यायचं नाही. गुंगी येईल का? पहिले काही दिवस येते, मळमळही होते, बहुतेकांची ती कमी होते. फार झोप येत असेल, श्वास मंदावला असेल, तर लगेच डॉक्टरांना सांगायचं. बद्धकोष्ठ मात्र होतंच आणि ते आपोआप जात नाही, म्हणून जुलाबाचं औषध पहिल्या दिवसापासून बरोबर मागून घ्या. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर ते आधीच सांगा. आणि एक वही ठेवा. वेळ, किती आणे, कुठला शब्द, कुठली गोळी. डॉक्टरांसमोर ती वही तुमच्या दहा वाक्यांपेक्षा जास्त बोलेल.

दोनशे वर्षांपूर्वी मॉर्फीन सापडलं, साठ वर्षांपूर्वी ते कसं द्यायचं हे कळलं, 2014 ला कायदा वाटेतून बाजूला झाला. उरलेलं अंतर आता रुग्णालयाच्या कपाटापासून घरातल्या खाटेपर्यंतचं आहे, आणि ते विचारण्यापासून सुरू होतं. घरात कोणी आजारी असेल, तर आज रात्री त्याच्या शेजारी बसा आणि विचारा. "बरा आसा" म्हणाला, तर उठू नका. आणखी थोडा वेळ बसा.

आता तुमचे प्रश्न घेऊ.